ओळी कागदापर्यंत कशा आल्या : मराठी कवयित्रींच्या इतिहासाचा एक आढावा

मराठी कवयित्रींचा इतिहास कुठून सुरू करायचा, या प्रश्नाचे उत्तर आम्हा वैदर्भीयांना तसे घराजवळच सापडते. हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरहून वायव्येकडे गेले, वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे महदंबा गात होती. महानुभाव पंथाचे हे पवित्र ठिकाण अलीकडे मराठी भाषा विद्यापीठामुळे पुन्हा सर्वांच्या तोंडी आले आहे.

या विषयावर शंभर वर्षांत बरेच लिहिले गेले. संशोधकांनी पोथ्या शोधल्या, संपादकांनी गाथा छापल्या, स्त्रीवादी समीक्षकांनी जुन्या ओळी नव्याने वाचल्या आणि दलित-आदिवासी कवयित्रींनी या वाचनालाच प्रश्न विचारले. हे सगळे एकत्र ठेवून पाहिले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. कोणती कवयित्री श्रेष्ठ, यावर आपण जितका वाद घातला, तितका विचार त्यांच्या ओळी कागदापर्यंत कोणी आणि कशा आणल्या याचा केला नाही. माझ्या मते बहुतेक वादांची मुळे तिथे आहेत.

रिद्धपूर ते शिऊर

महदंबेला आद्य मराठी कवयित्री म्हणतात आणि त्याबद्दल आता फारसा मतभेद उरलेला नाही. ती चक्रधरस्वामींची शिष्या. तिच्या चौकस स्वभावाच्या, सतत प्रश्न विचारण्याच्या आठवणी ‘लीळाचरित्रा’त विखुरलेल्या आहेत. रिद्धपुरात चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या विवाहाचा सोहळा मांडला गेला, तेव्हा तिने वरगीते म्हणावीत तसे ‘धवळे’ गायिले. विषय रुक्मिणी स्वयंवराचा. पूर्वार्ध तिथेच रचला गेला, उत्तरार्ध नंतर. म्हणजे मराठीतले स्त्रीचे पहिले ज्ञात काव्य लग्नगीताच्या घडणीचे आहे. बायकांच्या गाण्याची रीत आधीपासून होती, महदंबेने ती उचलली, एवढे तरी यावरून म्हणता येते.

महानुभावांनी पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहून ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपीचा उलगडा होईपर्यंत पंथाबाहेरच्या अभ्यासकाला महदंबा दिसणे जवळजवळ अशक्य होते. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांच्यासारख्या विदर्भातल्या संशोधकांनी हे वाङ्मय मराठी वाचकांपुढे आणले. गीत सातशे वर्षांपूर्वीचे असले, तरी वाङ्मयेतिहासात त्याला प्रवेश मिळून जेमतेम एक शतक झाले आहे.

महानुभावांच्याच ‘स्मृतिस्थळा’तली एक नोंद इथे महत्त्वाची वाटते. पंथातल्या केशोबासांना संस्कृतात लिहायचे होते. पंथाचे आचार्य नागदेव यांनी त्यांना थांबवले आणि कारण दिले की तसे झाले तर म्हाताऱ्या बायका वंचित राहतील. मराठीत लिहिण्याचा निर्णय श्रोत्या बायकांकडे पाहून घेतला जातो, हे आपल्या भाषेच्या इतिहासातले मोठे प्रकरण आहे. महदंबा त्याच मंडळीत वावरलेली.

वारकरी परंपरेत मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, निर्मळा, भागू, कान्होपात्रा अशी नावे ओळीने येतात, पण त्यांचे स्थान सारखे नाही. मुक्ताबाई ज्ञानदेवांची बहीण असल्यामुळे परंपरेच्या केंद्रात राहिली. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी राबली, आणि तिच्या नावावरचे साडेतीनशेच्या आसपास अभंग नामदेवांच्या गाथेच्या आधारानेच टिकले. सोयराबाई चोखोबांची पत्नी, निर्मळा बहीण. चोखोबांचे मेहुणाराजा हे गाव आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातले. सोयराबाईने देहाच्या विटाळावर विचारलेला प्रश्न आज सर्वाधिक उद्धृत होतो. तरी तिच्या नावावर उरलेले अभंग जनाबाईच्या मानाने फार थोडे आहेत.

अभंग कोणी लिहून घेतले, याची आठवण परंपरेने स्वतःच जपली आहे. कोणत्या संताचा लेखक कोण, हे सांगणारा एक अभंग जनाबाईच्या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात चोखोबांचे लेखक म्हणून अनंतभट्ट येतात आणि जनीचे अभंग लिहायला खुद्द पांडुरंग बसतो. भाविकाला यात देवाची माया दिसते. इतिहासाच्या अभ्यासकाला त्याशिवाय हेही दिसते की दासीला लेखणी धरणारे माणूस मिळाले असे सांगणे त्या काळी कोणालाच शक्य वाटले नसावे.

सतराव्या शतकात चित्र थोडे बदलते. रामदासी संप्रदायात वेणाबाईने मिरजेचा मठ सांभाळला आणि ‘सीतास्वयंवर’ रचले. तिच्याजवळ अक्षरविद्या होती, ग्रंथरचनेची शिस्त होती. तुकोबांची शिष्या बहिणाबाई (१६२८–१७००) वेरूळजवळच्या देवगावची आणि नंतर शिऊरची. तिने आपले आयुष्य अभंगांतून सांगितले. ब्राह्मण घरातल्या बाईने तुकोबांना गुरू केले म्हणून नवऱ्याचा राग, मारहाण, मनाची ओढाताण, मागचे जन्म, शेवटी मुलाला केलेला उपदेश, सगळे त्यात आहे. जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२९ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. माझ्या मते हे आत्मनिवेदन मराठीतल्या आत्मचरित्रांच्या इतिहासात अगदी आरंभीच्या पानांवर यायला हवे. पद्यात आहे म्हणून ते बाजूला पडते.

छापखाना आल्यावर

सावित्रीबाई फुले यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ सालचा. त्या वेळी त्या तेवीस वर्षांच्या होत्या. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने मा. गो. माळी यांच्या संपादनाखाली १९८८ मध्ये त्यांचे समग्र वाङ्मय काढले, तेव्हा ही कविता सर्वसामान्य वाचकाच्या हाती आली. छापील पुस्तक असूनही ते वाङ्मयेतिहासाच्या चर्चेत यायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. महदंबेच्या बाबतीत गुप्त लिपीची अडचण होती. इथे तशी कोणतीच अडचण नव्हती.

लक्ष्मीबाई टिळकांचे नाव ‘स्मृतिचित्रे’मुळे अजरामर झाले. रेव्हरंड टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पूर्ण केले, ही कामगिरी मात्र मागे पडली. १९२३ मध्ये सुरू झालेल्या रविकिरण मंडळात मनोरमाबाई रानडे या एकट्या स्त्री होत्या. त्या १९२६ मध्येच वारल्या. पती श्रीधर रानडे यांच्यासह त्यांची कविता ‘श्री-मनोरमा’त आहे.

बहिणाबाई चौधरींची कथा सर्वांना ठाऊक आहे, पण या आढाव्यात तिच्याकडे जरा वेगळ्या बाजूने पाहावे लागते. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्या रचत गेल्या आणि मुलगा सोपानदेव व एका नातलगाने जमेल तसे टिपून घेतले. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या. त्यानंतर ही कविता आचार्य अत्र्यांपुढे आली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. कवी असलेला मुलगा घरात नसता तर? हा प्रश्न बहिणाबाईंपुरता भावनिक वाटेल, पण खानदेशात आणि वऱ्हाडात ज्या बायकांना सोपानदेव मिळाला नाही त्यांच्याकडे पाहिले की तो इतिहासाचा प्रश्न होतो.

विसाव्या शतकाच्या मधल्या पिढीत संजीवनी मराठे, पद्मा गोळे, इंदिरा संत आणि शांता शेळके या चौघींची नावे प्रामुख्याने घेतली जातात. यांतल्या इंदिराबाईंवर थोडे थांबायला हवे, कारण कवयित्रीला कसे वाचले जाते याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. बेळगावात राहून त्यांनी ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’, ‘रंगबावरी’ पासून ‘गर्भरेशीम’ पर्यंत तीसेक वर्षांत स्वतःची प्रतिमासृष्टी उभी केली. ‘गर्भरेशीम’ला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पती ना. मा. संत १९४६ मध्ये वारले. तेव्हापासून ही सगळी कविता विरहाची म्हणून वाचण्याची सवय टीकेला लागली. त्या वाचनात खोटे काही नाही, दुःख तिथे आहेच. पण त्यांचे निसर्गाचे बारीक निरीक्षण, स्त्रीच्या शरीराबद्दलची बोलण्याची तऱ्हा, बाहुल्यांच्या प्रतिमेतून घरसंसाराकडे टाकलेली नजर यांना त्यामुळे उशिरा न्याय मिळाला. बालकवींच्या उदासीनतेची चर्चा करताना टीकाकार आधी प्रतिमा पाहतो आणि मग चरित्राकडे वळतो. इंदिराबाईंच्या बाबतीत हा क्रम बरेचदा उलटा होतो.

शांताबाईंनी कविता, बालगीते, लावणी, चित्रपटगीते असे सर्व लिहिले, काही गीते ‘वसंत अवसरे’ या नावाने. गीतकार म्हणून अफाट लोकप्रियता लाभली आणि कवी म्हणून गंभीर वाचन त्या मानाने कमी झाले.

प्रश्न प्रश्न म्हणून कसा उभा राहिला

कवयित्रींची वेगळी दखल घेण्याची कल्पना मराठीत जुनी आहे. ज. र. आजगावकरांचे ‘महाराष्ट्र कवयित्री’ हे पुस्तक स्वातंत्र्याच्या आधीचे. चरित्र आणि काव्याची ओळख असे त्याचे स्वरूप आहे. वेगळ्या दिशेने कमलाबाई देशपांडे यांनी ‘अपौरुषेय वाङ्मय अर्थात स्त्रीगीते’ (१९४८) लिहिले, साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, पुढे सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतर्फे खंडामागून खंड काढले. एकीकडे नाव असलेल्या कवयित्री आणि दुसरीकडे नाव नसलेल्या ओव्या असे दोन वेगळे कप्पे इथेच तयार झाले आणि ते आजही पुरते जोडले गेलेले नाहीत.

इंग्रजीत काय घडले हे पाहिले की आपले वेगळेपण लक्षात येते. तिथे अलेक्झांडर डाइस यांनी १८२५ मध्येच ब्रिटिश कवयित्रींचा निवडक संग्रह काढला होता. फेलिशिया हेमन्स आपल्या काळात घराघरांत वाचली जात असे. विसाव्या शतकात अशी बरीच नावे अभ्यासक्रमांतून गळाली. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ मध्ये शेक्सपिअरला त्याच्याइतकीच गुणी बहीण असती तर तिचे काय झाले असते, असे विचारले. स्त्री-लेखनाच्या स्वतंत्र परंपरेवरचे इलेन शोवाल्टर यांचे पुस्तक १९७७ मध्ये आले, आणि १९८९ मध्ये रॉजर लॉन्सडेल यांनी अठराव्या शतकातल्या शंभराहून अधिक कवयित्री एका संग्रहात आणून ठेवल्या. जर्मेन ग्रिअर यांनी १९९५ मध्ये याला धारदार हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, या कवयित्रींना शिक्षण दिले गेले नाही आणि स्त्री म्हणून खोटी स्तुती मिळाली. परिणामी त्यांची बरीच कविता कच्ची राहिली, आणि आज ती थोर म्हणून सांगण्याने त्यांचे भले होत नाही.

लॉन्सडेल यांचा शोध मुख्यतः छापील पुस्तकांच्या आधाराने चालला. आपल्याकडची हरवलेली कविता ग्रंथालयात हरवलेली नाही. ती जात्यावर, मठात, लग्नघरात आणि पंथाच्या पोथीत आहे. त्यामुळे इंग्रजीतली पद्धत आणि इंग्रजीतले वाद दोन्ही इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

१९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानंतर मराठीत या चर्चेला वेग आला. तारा भवाळकर यांनी संत कवयित्री आणि ओव्या एकाच नजरेखाली आणल्या. ‘स्त्रीमुक्तीचा आत्मस्वर’ हे त्यांचे पुस्तक या विषयात टाळता येत नाही. विद्युत भागवतांनी विद्यापीठीय स्त्री-अभ्यासात ही परंपरा रुजवली. सुसी थारू आणि के. ललिता यांच्या भारतीय स्त्री-लेखनाच्या दोन इंग्रजी खंडांमुळे (१९९१ आणि १९९३) मराठीतल्या जुन्या-नव्या लेखिका भारतीय नकाशावर आल्या. अमरावतीच्या प्रभा गणोरकर स्वतः महत्त्वाच्या कवयित्री आणि वाङ्मयकोशाच्या एक संपादकही. इतिहास लिहिणाऱ्या आणि इतिहासात असणाऱ्या, अशी दोन्ही कामे एकाच व्यक्तीने करण्याची ही परंपरा अमरावतीतच जन्मलेल्या कुसुमावती देशपांडे यांच्यापासूनची आहे. इंग्रजीच्या या प्राध्यापिकेने मराठी साहित्याचा इतिहास लिहिला आणि १९६१ च्या ग्वाल्हेर साहित्य संमेलनाच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. १८७८ पासूनच्या परंपरेत २०२५ च्या दिल्ली संमेलनाच्या तारा भवाळकरांपर्यंत सहा स्त्रिया अध्यक्ष झाल्या. त्यांपैकी मुख्यतः कवी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोनच: आळंदी संमेलनाच्या शांता शेळके आणि यवतमाळ संमेलनाच्या अरुणा ढेरे. वर्ध्यात १९६९ आणि २०२३ मध्ये संमेलने भरली, दोन्ही वेळा अध्यक्ष पुरुष होते.

आजच्या भूमिका

पहिली भूमिका अशी की कवितेला लिंग नसते. कवयित्रींचे वेगळे प्रकरण केले की त्यांची तुलना आपसांतच होते आणि मुख्य इतिहास होता तसा पुरुषांचा राहतो. बऱ्याच कवयित्रींनाही हा वेगळा कप्पा नको असतो, आणि त्यांच्या नापसंतीत तथ्य आहे. मर्ढेकरांनंतरच्या कवितेची चर्चा करताना रजनी परुळेकरांच्या दीर्घ कविता किंवा मलिका अमर शेख यांचा ‘वाळूचा प्रियकर’ स्त्री-कवितेच्या पोटशीर्षकाखाली ढकलले तर दीर्घ कवितेचा आणि महानगरी कवितेचा इतिहासच अपुरा राहतो.

दुसरी भूमिका स्वतंत्र परंपरा मानणारी. ओवी, जाते, माहेर, सखी, विठ्ठलाशी सलगी हे धागे महदंबेपासून बहिणाबाई चौधरींपर्यंत दिसतात आणि ते पुरुषांच्या काव्यपरंपरेत त्याच रीतीने येत नाहीत, असे तिचे म्हणणे आहे. या वाचनाने जनाबाईला दासीभावाच्या चौकटीतून बाहेर काढले. त्यावर आक्षेपही आहे. भक्तीच्या अनुभवाला आजच्या स्त्रीमुक्तीची भाषा लावणे काळाशी विसंगत आहे, असे संत-वाङ्मयाचे पारंपरिक अभ्यासक म्हणतात. दोन्ही बाजूंनी जनाबाईचे वेगवेगळे अभंग पुढे केले जातात. तिच्या नावावर दोन्ही प्रकारची रचना असल्याने हा वाद केवळ वाचनाने मिटणारा नाही.

तिसरी भूमिका जातीकडे बोट दाखवते. स्त्री ही एकच कोटी धरली तर सोयराबाई आणि वेणाबाई एका रांगेत बसतात. पण एकीला मठ मिळाला आणि दुसरीला मंदिराची पायरीही मिळाली नाही. हिरा बनसोडे, नागपूरच्या ज्योती लांजेवार, पुढे प्रज्ञा दया पवार यांच्या कवितेने हा फरक आतून मांडला. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ आणि शर्मिला रेगे यांचे लेखन यांनी त्याला वैचारिक पाया दिला. गडचिरोलीच्या उषाकिरण आत्राम यांनी गोंडी आणि मराठी अशा दोन भाषांच्या काठावर लिहिले, तेव्हा मराठी कवयित्रींचा इतिहास मराठीच्या हद्दीत किती मावतो हाही प्रश्न आला. नीरजा, कविता महाजन आणि २०१९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या अनुराधा पाटील यांच्या कवितेला कोणत्याही एका भूमिकेत पुरते बसवता येत नाही. ही चांगली खूण आहे.

पाठचिकित्सा करणारे अभ्यासक या तिन्ही वादांत कमी बोलतात, पण त्यांचे म्हणणे मला सर्वांत निकडीचे वाटते. आधी ओळ कोणाची ते ठरवा, असे ते म्हणतात. नाममुद्रा हा पुरावा पुरेसा नाही. जनाबाईच्या नावाने नंतरच्या काळात कोणी-कोणी रचले, हे गाथेच्या छापील प्रतींवरून सांगता येत नाही. याला उत्तर असे दिले जाते की ‘जनी’ म्हणून गाणाऱ्या साऱ्या बायका मिळूनच जनाबाई आहे, एकच कर्ता शोधण्याचा हट्ट लेखी संस्कृतीचा आहे. दोन्ही म्हणणी खरी असू शकतात. पण मग जनाबाईच्या जीवनाबद्दल तिच्या अभंगांवरून काढलेले निष्कर्ष जपून करायला हवेत, आणि तेवढी काळजी दोन्ही बाजू घेत नाहीत.

न सुटलेले

आधुनिक मराठी कवितेचा आरंभ हा त्यातला सर्वांत मोठा प्रश्न. रूढ इतिहास केशवसुतांच्या १८८५ च्या सुमाराच्या कवितेपासून सुरू होतो, व्यक्तिवाद आणि नवे विषय या कसोट्यांवर. ‘काव्यफुले’ त्याच्या तीस वर्षे आधीचे आहे, आणि शिक्षण, शूद्रातिशूद्रांची स्थिती हे विषय त्यात उघडपणे आले आहेत. छंद जुने आहेत म्हणून ही कविता संधिकाळातली, असे एक मत. आशय नवा आहे म्हणून आरंभ इथेच, असे दुसरे. कसोटी आशयाची की रूपाची, हे आधी ठरल्याशिवाय सालांची तुलना करून काही हाती लागणार नाही. केशवसुतांच्या बाबतीत मात्र आपण दोन्ही कसोट्या सोयीने वापरत आलो, असे माझे मत आहे.

इंग्रजीत लिहिणाऱ्या महाराष्ट्रातल्या कवयित्रींचे काय करायचे, हा दुसरा. गौरी देशपांडे मराठीत कथा-कादंबरीकार म्हणून ज्ञात आहेत, पण साठ-सत्तरच्या दशकांत त्यांची इंग्रजी कविता आधी आली. पुण्यात जन्मलेल्या गोवन कुटुंबातल्या युनिस डिसूझा यांनी १९९७ मध्ये नऊ भारतीय कवयित्रींचा इंग्रजी संग्रह संपादित केला. मराठी वाङ्मयेतिहास यांना बाहेर ठेवतो, आणि भाषेचा इतिहास म्हणून ते समजण्यासारखे आहे. महाराष्ट्रातल्या स्त्री-कवितेचा इतिहास लिहायचा तर मात्र ही भिंत टिकणार नाही.

आणि ओव्यांचा प्रश्न. गी पोइटवां आणि हेमा राईरकर यांनी मावळ-मुळशीच्या डोंगरी भागापासून काम सुरू करून हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या येत आहेत. जुन्या संग्रहांपेक्षा यात एक मूलभूत फरक आहे. ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव दिले जाते, अनेकदा तिचा आवाजही ऐकता येतो. रचणारी कोण हे त्यातून कळत नाही, पण कोणाच्या तोंडून ही ओवी कागदावर आली हे कळते. जनाबाईच्या गाथेला अशी नोंद मिळाली असती तर पाठचिकित्सकांचे अर्धे काम हलके झाले असते.

वर्धा जिल्ह्यात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. मुली घरोघर गाणी म्हणतात. त्या गाण्यांत सासर-माहेर आहे, तसा गावागणिक बदलणारा तपशीलही आहे. अल्लीपुरात एका घरची ओळ दुसऱ्या घरी वेगळी ऐकू येते. ही गाणी लिहून घेणाऱ्याने वही उघडली की पहिल्याच ओळीला ठरवावे लागते: वर ‘पारंपरिक’ लिहायचे, की म्हणणारीचे नाव, तिचे गाव, तिला ते कोणाकडून आले आणि तिने त्यात काय बदलले, हे सगळे लिहायचे. कमलाबाई देशपांडे यांच्या काळात पहिला पर्याय स्वाभाविक होता. आज मोबाइलवर आवाज टिपता येतो, आणि गाणाऱ्या आज्या अजून गावात आहेत. म्हणून दुसऱ्या पर्यायाने काम आत्ताच करता येईल.